मुलाला कबमध्ये घालायचंय? पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

शाळा सुरू झाली की पहिली ते चौथीच्या मुलांचे आईवडील फाटकाशी थांबवून विचारतात: याला स्काऊटमध्ये घालायचं तर काय करावं लागतं? मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि शाळेचं कब पथक, म्हणजे लहान मुलांचं स्काऊट पथक, चालवते. वर्गात मुलं मला बाई म्हणतात, पथकात अकेला (मोगलीच्या गोष्टीतल्या लांडग्यांच्या म्होरक्याचं नाव). पालकांना तोंडी जे सांगत आले, तेच इथे लिहिलं आहे. माहिती भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संघटनेच्या पथकांची आहे, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांमध्ये तीच असतात.

कब आणि स्काऊट एकच का?

चळवळ एक, वयाचे टप्पे वेगळे. ५ ते १० वर्षांचा मुलगा कब असतो. दहा पूर्ण झाले की तो स्काऊट पथकात जातो आणि पुढे हवं तर पंचविशीपर्यंत रोव्हर म्हणून राहतो. मुलींसाठी याच क्रमाने बुलबुल, गाईड आणि रेंजर. अगदी छोट्या, बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी बनी नावाचा विभागही आहे, पण तो सगळीकडे चालत नाही.

म्हणजे सात वर्षांच्या मुलाला ‘स्काऊटमध्ये घालायचं’ असेल, तर शाळेत कबची चौकशी करा. माध्यमिक शाळेत जाऊन विचारलंत, तर ‘पाचवीनंतर या’ असं उत्तर मिळेल आणि मुलाची तीन-चार वर्षं हकनाक जातील.

‘कब’ म्हणजे लांडग्याचं पिल्लू. मुलांना हे नाव कशाला?

कारण कबचं सगळं जग मोगलीच्या गोष्टीवर उभं आहे. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी मोठ्या मुलांसाठी स्काऊटिंग सुरू केलं, तेव्हा धाकटे भाऊही मागे लागले. त्यांच्यासाठी १९१६ मध्ये वेगळा विभाग निघाला आणि त्याला चौकट मिळाली रुडयार्ड किपलिंगच्या ‘द जंगल बुक’ची. लांडग्यांनी वाढवलेलं माणसाचं पोर, कळपाचा म्होरक्या अकेला, जंगलाचा कायदा शिकवणारा अस्वल बल्लू, शिकार शिकवणारा काळा बिबट्या बघीरा. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘शिस्त पाळ’ म्हटलं की तो दुसरीकडे बघतो. ‘कळपाचा कायदा आहे’ म्हटलं की कान टवकारतो.

किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला आणि मोगलीचं जंगल आहे मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, वैनगंगेच्या काठचं. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की काही तासांत सिवनी येतं. वाटेतलं पेंचचं जंगल महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत पसरलेलं आहे. विदर्भातल्या पथकांनी मुलांना तिकडे एकदा तरी न्यावं असं मला मनापासून वाटतं. जगभरच्या कबना ज्याची फक्त गोष्ट ऐकायला मिळते, ते जंगल त्यांच्या दाराशी आहे.

मुलगा नऊ वर्षांचा झाला. आता उशीर झाला का?

नाही. वर्षभर कब राहील आणि मग स्काऊटमध्ये जाईल. सगळे टप्पे पूर्ण होणार नाहीत, एवढंच. उलट, पाच पूर्ण होताच आणून सोडायची घाई करू नका. ज्याला अजून आई नजरेआड झाली की रडू येतं, त्याला सहा महिने थांबवलं तर काही बिघडत नाही.

नाव कुठे नोंदवायचं?

आधी शाळेत. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि खासगी अशा अनेक प्राथमिक शाळांत कब-बुलबुल पथकं आहेत. केंद्रीय विद्यालयांतही असतात. पथकाची नोंदणी दरवर्षी जिल्हा संस्थेकडे करावी लागते, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा. ते काम शाळा करते. पालकांनी द्यायचं ते संमतिपत्र, जन्मतारखेचा दाखला आणि आजार किंवा ॲलर्जी असेल तर त्याची माहिती.

आमच्या शाळेत पथकच नाही. मग?

दोन वाटा आहेत. पहिली, खुलं पथक शोधणं. अशी पथकं शाळेबाहेर, एखाद्या वस्तीत, संस्थेत किंवा मैदानावर चालतात आणि कुठल्याही शाळेचा मुलगा त्यांत जाऊ शकतो. रेल्वे ही स्काऊटच्या रचनेत एखाद्या राज्यासारखी स्वतंत्र गणली जाते, त्यामुळे मोठ्या रेल्वे वसाहतींतही चौकशी करून बघा. जिल्ह्याच्या स्काऊट-गाईड कार्यालयात पथकांची यादी असते.

दुसरी वाट कठीण आहे, पण मला तीच जास्त आवडते: पथक सुरू करा. कब पथकाला किमान १२ मुलं लागतात आणि २४ च्या वर घेत नाहीत. बारा मुलं एका गल्लीत सापडतात. न सापडणारी गोष्ट म्हणजे दर आठवड्याला दीड तास देणारा मोठा माणूस. तो शिक्षकच हवा असं नाही. आई, वडील, निवृत्त आजोबा, कॉलेजातला काका, कुणीही चालेल, फक्त प्रशिक्षण घ्यायला हवं. आधी बेसिक, मग ॲडव्हान्स्ड आणि ज्यांना आणखी पुढे जायचं त्यांच्यासाठी हिमालय वुड बॅज. मध्य प्रदेशातल्या पचमढीला संघटनेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या सकाळी ज्यांनी अनुभवल्या आहेत, ते लोक पथक सहसा सोडत नाहीत.

शाळेत पथक आहे म्हणतात, पण मुलगा घरी येऊन काहीच सांगत नाही.

हा प्रश्न फार कमी पालक विचारतात. तो सगळ्यांनी विचारायला हवा.

काही शाळांत पथक फक्त कागदावर असतं. नोंदणी झालेली असते, गणवेश शिवलेले असतात, २६ जानेवारीला मुलं संचलनात दिसतात आणि उरलेलं वर्ष काही होत नाही. यात नेहमी शाळेची नियत वाईट असते असंही नाही. एकाच शिक्षकावर पोषण आहार, सर्वेक्षण, निवडणूक आणि पथक हे सगळं पडलं की सर्वांत आधी गळतं ते पथक. पण कारण कुठलंही असो, कबला त्यातून काही मिळत नाही.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी तीनच गोष्टी विचारा. दर आठवड्याची सभा कोणत्या वारी असते? पथकात किती षटकं (सहा-सहा मुलांचे गट) आहेत आणि षटकनायक कोण? गेल्या महिन्यात मुलांनी काय केलं? पथक चालू असेल तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलंच ओरडून देतील. आणि सभेचा वार सांगताना कुणी घुटमळलं, तर त्या शाळेला नावं ठेवत बसण्यापेक्षा ‘मी आठवड्यातून एकदा मदतीला येऊ का’ असं विचारून बघा. एका पालकाच्या येण्याने पथक पुन्हा उभं राहताना मी पाहिलं आहे.

सभेत होतं तरी काय?

मुलं गोलात उभी राहतात. अकेला मधे येते आणि सगळा कळप उकिडवा बसून एका आवाजात तिचं स्वागत करतो. याला ग्रँड हाऊल म्हणतात. पहिल्यांदा बघणाऱ्या पालकांना तो आरडाओरडा वाटतो, पण गप्प राहण्याची सवय लागलेल्या मुलाचा आवाज पहिल्यांदा तिथेच मोकळा होतो. मग झेंडा, प्रार्थना आणि तपासणी. नखं, रुमाल, केस, दात. ही तपासणी मी करत नाही, षटकनायक करतो. षटक म्हणजे सहा मुलांचा गट आणि त्या सहांतलाच एक नायक. आठ वर्षांच्या मुलाला दुसऱ्याची नखं तपासायची असतात, म्हणून तो आपली आदल्या रात्रीच कापून ठेवतो.

त्यानंतर खेळ. किमच्या खेळात ताटात दहा-बारा वस्तू मांडतात, मिनिटभर बघू देतात, वर रुमाल टाकतात आणि काय काय होतं ते आठवून सांगायला लावतात. पाटीवर शून्य मिळवणारा एखादा पोरगा इथे किल्लीला किती दात होते तेही सांगतो. मग कधी दोरीच्या गाठी, कधी खरचटलं तर काय करायचं, कधी कागदाचं काम, कधी झाडांची पानं ओळखणं. मधे एक गोष्ट, एक गाणं आणि शेवटी पुन्हा गोल. सगळं मिळून तास-दीड तास. कुठलीही कृती पंधरा मिनिटांपेक्षा लांबवायची नाही, कारण या वयात लक्ष टिकतं तेवढंच.

वचन काय असतं? त्यात देवाचा उल्लेख आहे का?

कब वचन देतो की देव आणि देश यांच्याविषयीचं कर्तव्य करण्याचा, कबचे नियम पाळण्याचा आणि रोज एक सत्कृत्य करण्याचा मी शक्य तेवढा प्रयत्न करीन. ‘देव’ या शब्दाच्या जागी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे. कुठल्याही जातिधर्माचा मुलगा येऊ शकतो आणि संघटना पक्षीय राजकारणापासून लांब आहे. नियम दोनच: कब मोठ्यांचं ऐकतो आणि कब स्वच्छ व विनम्र असतो.

‘शक्य तेवढा प्रयत्न’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कबचं ब्रीदच ‘कोशिश करो’ असं आहे. मोठ्या स्काऊटला ‘तयार’ राहावं लागतं, लहानग्याकडून प्रयत्नाचीच अपेक्षा असते. हे वचन पहिल्या दिवशी घेत नाहीत. प्रवेशाचा भाग आधी पूर्ण करावा लागतो: मोगलीची गोष्ट, नियम, सलामी, डाव्या हाताने हस्तांदोलन. मग दीक्षाविधी होतो आणि मुलाला बॅज व स्कार्फ मिळतो. त्या दिवशी मात्र रजा टाकून या.

गणवेश लगेच घ्यायचा का?

अजिबात नाही. दीक्षाविधीपर्यंत साध्या कपड्यांवर चालतं. नंतर करडा शर्ट, गडद निळी हाफ पँट, टोपी, पट्टा, काळे बूट, गळ्यात स्कार्फ आणि तो अडकवायचा वॉगल. स्कार्फचा रंग पथकागणिक वेगळा असतो, म्हणून बाजारातून आधीच आणू नका. शर्ट एक माप मोठा शिवा. मोठ्या भावाचा किंवा वरच्या वर्गातल्या मुलाचा जुना गणवेश मिळाला तर उत्तमच. आमच्याकडे कपाटात असे गणवेश ठेवलेले असतात आणि ते कुणाचे होते हे कुणी विचारत नाही.

स्कार्फची घडी मुलाला घालू द्या. वाकडी होईल. होऊ दे.

खर्च किती येतो?

वार्षिक नोंदणीची रक्कम किरकोळ असते. खरा खर्च गणवेशाचा आणि मेळाव्याला गेलात तर प्रवासाचा. पैशांमुळे मुलगा मागे राहत असेल, तर पथक चालवणाऱ्यांना एकट्यात सांगा. बहुतेक पथकांत त्यावर काहीतरी मार्ग निघतो.

एवढासा मुलगा शिबिरात रात्रभर राहील?

तंबू ठोकून राहायचं वय पुढचं, स्काऊटचं. कबसाठी बहुधा दिवसभराची सहल, निसर्गभेट, शाळेच्या मैदानात संध्याकाळची शेकोटी असते. जिल्ह्याचे कब-बुलबुल मेळावे होतात आणि राष्ट्रीय पातळीवर कब-बुलबुल उत्सवही भरतो. तिथे मुक्काम असतो, पण तोवर मुलगा पथकात मुरलेला असतो. नेणं न नेणं तुमच्या लेखी संमतीवर आहे. नाही म्हटलंत तर कुणी कमी लेखणार नाही.

‘खरी कमाई’ला मुलाकडून भेळ विकून घेतात. हे बरं दिसतं का?

अनेक पालकांना हे खटकतं, म्हणून नीट सांगते. खरी कमाईत मुलं स्वतः काही करून थोडे पैसे मिळवतात. महाराष्ट्रातल्या शाळांत त्या दिवशी छोटे स्टॉल लागतात: भेळ, लिंबू सरबत, भाजी, मुलांनी केलेली भेटकार्डं. सुटे मोजणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, उरलेला कांदा फेकून न देणं, हिशेब लिहिणं, हे सगळं मुलगा दोन तासांत शिकतो. वजाबाकीच्या दहा पानांनी जे जमत नाही ते वीस रुपयांच्या नोटेतून बारा रुपये कापताना जमतं.

बिघडतं ते आपण मोठे मधे पडलो की. आई पहाटे उठून पन्नास बटाटेवडे तळते, बाबा स्टॉलवर उभे राहतात आणि मुलगा मागे खुर्चीवर बसून असतो. कृपा करून असं करू नका. त्याला कांदा चिरता येत नसेल, तर त्याने मटार सोलून विकावेत. चार रुपये कमी मिळाले तरी ते त्याचे असतील.

बॅज आणि टप्पे कसे असतात? घरी अभ्यास घ्यावा का?

प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय, तृतीय आणि चतुर्थ चरण असे टप्पे आहेत आणि त्यांच्या जोडीने आवडीचे प्रावीण्य बॅज मिळवता येतात. कबचा सर्वोच्च सन्मान म्हणजे स्वर्ण बाण. त्यासाठी चाचणी असते आणि लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची नोंदवही, नीटनेटकं ठेवावं लागतं.

लॉगबुक आईच्या सुंदर अक्षरात आलं की मी परत पाठवते. घरी तुम्ही एकच गोष्ट करा: पथकात जे शिकला ते त्याला घरात करायला वाव द्या. बुटाची नाडी, पाण्याची बाटली भरणं, अंथरुणाची घडी, आजीला औषधाची वेळ सांगणं. त्याला वेळ लागतो आणि सकाळी तुमची घाई असते, हे मला ठाऊक आहे. रविवारी तरी करू द्या. स्वर्ण बाण मिळाला नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. सगळ्या बॅजांनी शर्ट भरला आणि नाडी आईच बांधते, असं होऊ नये.

याचा दहावीला, नोकरीला उपयोग होतो का?

कबच्या वयात हा विचार नको. पुढे स्काऊटमध्ये तृतीय सोपानानंतर राज्य पुरस्कार आणि मग राष्ट्रपती पुरस्कार असतो. रेल्वेत स्काऊट-गाईडसाठी भरतीचा कोटाही आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला कोट्यासाठी पाठवलंत, तर तो तिसऱ्या महिन्यात कंटाळेल.

हे एन.सी.सी.सारखं लष्करी शिक्षण आहे का?

नाही. एन.सी.सी. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि ती माध्यमिक शाळेपासून पुढे असते. काही शाळांत दिसणारं आर.एस.पी. (रोड सेफ्टी पेट्रोल) वाहतूक सुरक्षेसाठी आहे. स्काऊटिंगमध्ये संचलन असतं, पण ते रांगेत नीट चालता यावं एवढ्यापुरतं. शस्त्र नसतं.

गैरसमज होण्याचं कारण संस्थापक. बेडन-पॉवेल ब्रिटिश सैन्यातले अधिकारी होते, हिंदुस्थानातही नोकरीला होते. पण १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर त्यांनी पहिलं शिबिर घेतलं, ते २० मुलांचं. श्रीमंत शाळांतली आणि कामगारांच्या घरची मुलं त्यांनी एकाच तंबूत ठेवली होती.

आपल्याकडे १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं, तेव्हा ते फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होतं. भारतीय मुलांना दार बंद होतं. मग ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासकडे, पं. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या. नागपूरचे न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनीही या कामाला स्वतःला वाहून घेतलं. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळे प्रवाह एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना झाली आणि १९५१ मध्ये गाईड संघटनाही तीत आली. म्हणून ७ नोव्हेंबरला मुलं ध्वजदिनाचे स्टिकर घेऊन तुमच्या दारी येतात. त्यांना परत पाठवू नका.

मुलगा लाजाळू आहे, बोलत नाही. चालेल?

त्यालाच आधी पाठवा. सहाच्या गटात लपायला जागा कमी आणि चुकायला मुभा जास्त असते. पहिले दोन-तीन आठवडे तो नुसता बघेल, त्याला बघू द्या. दमा, फिट येणं, कमी दिसणं किंवा ऐकू येणं असं काही असेल तर न लपवता सांगा. दिव्यांग मुलांसाठी टप्प्यांच्या कसोट्या बदलून घेता येतात.

मूल सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं?

विचारायला संकोचू नका. पथक चालवणाऱ्या चांगल्या कबमास्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. सभेला किमान दोन मोठी माणसं असतात ना? एकट्या मुलाला घेऊन कुणी बंद खोलीत बसत नाही ना? सहलीला जाताना कुणाचं वाहन, सोबत कोण, प्रथमोपचार पेटी कुठे? मुक्कामात मोठ्यांची झोपायची सोय वेगळी आहे ना? पालकांना केव्हाही येऊन सभा बघता येते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर मुलाला तिथे ठेवू नका.

मुलगा अचानक जायला नको म्हणू लागला तर त्याला रागावण्याआधी शांतपणे ऐकून घ्या. काही गैर वाटलं तर मुख्याध्यापक आणि जिल्हा कार्यालय या दोघांनाही कळवा. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी दिवसरात्र चालू असते. तो क्रमांक मुलालाही पाठ असू द्या.

आम्ही परदेशी जातोय. तिकडे पुढे चालू राहील का?

हो, फक्त वयाचे गट बदलतात. ब्रिटनमध्ये ४ ते ६ स्क्विरल, ६ ते ८ बीव्हर आणि ८ ते साडेदहा कब असतात. तिथे अनेक ठिकाणी प्रतीक्षा यादी असते, तेव्हा घर ठरलं की लगेच नाव द्या. अमेरिकेत बालवाडीपासून पाचवीपर्यंत कब स्काऊट असतात, २०१८ पासून मुलीही येऊ शकतात, आणि पालकांना बरंच काम करावं लागतं. संघटनेचं नाव २०२५ पासून ‘स्काऊटिंग अमेरिका’ आहे. इथलं लॉगबुक आणि स्कार्फ सोबत न्या. तिकडच्या मुलांना ते बघायचं असतं, आणि मोगलीच्या देशातून आलेला कब म्हणून त्याला भाव मिळतो.

मुलाने दोन महिन्यांत सोडलं तर?

सोडू द्या. पुढच्या वर्षी स्वतःहून मागेल तेव्हा परत आणा. नाव पुन्हा नोंदवता येतं.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

पाण्याची बाटली, रुमाल, छोटी वही, पेन्सिल आणि मळले तरी चालतील असे कपडे. मोबाइल नको, खाऊचा डबा षटकात वाटून खाता येईल असा. मुलाला फाटकाशी सोडा आणि वेळेवर न्यायला या. आत काय झालं ते वाटेत त्याच्याकडूनच ऐका.